पोटातून लिव्हरकडे

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ आलं की हल्ली चिठ्ठीवर लिव्हरच्या गोळीखाली आणखी एक ओळ उमटते: प्रोबायोटिकची कॅप्सूल. पोट बिघडलंय म्हणून नव्हे, लिव्हरवरची चरबी उतरावी म्हणून. विचारलं तर उत्तर तयार असतं. आतडं आणि यकृत जोडलेली आहेत, म्हणून आतड्यात चांगले जंतू सोडले की यकृत सुधारतं. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा त्याच्या पुण्याईवर जगतो.

प्रोबायोटिकचा इतिहास म्हटलं की मेच्निकॉफ, बल्गेरियातलं दही, शिरोता आणि त्यांचं याकुल्ट ही गोष्ट सांगितली जाते. तिच्यात यकृत कुठेच नाही. ते आलं १९५०च्या दशकात, लंडनमध्ये शीला शेरलॉक आणि सहकाऱ्यांच्या कामातून. सिरोसिसच्या रुग्णाची शुद्ध हरपते ती आतड्यातून रक्तात जाणाऱ्या विषारी द्रव्यांमुळे, हे तेव्हा स्पष्ट होत गेलं. १९६६ मध्ये बिर्शर यांनी त्यावर लॅक्ट्युलोज वापरलं. त्यामागे लॅक्टोबॅसिलस जंतू वाढवण्याचीच आशा होती; पण औषध लागू पडतं ते आतडं आम्लधर्मी होऊन अमोनिया अडकतो आणि शौचावाटे निघून जातो म्हणून.

खरा घोटाळा होतो तो १९८२ च्या एका शोधनिबंधाच्या वाचनात.

लठ्ठपणावर तेव्हा अमेरिकेत एक शस्त्रक्रिया चालत असे. लहान आतड्याचा बराचसा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला काढायचा, म्हणजे खाल्लेलं अंगी लागणार नाही. वजन झपाट्याने उतरे, पण काही रुग्णांच्या यकृतात चरबी उलट वाढे, सूज येई; काही जण यकृत निकामी होऊन दगावले. प्रथिनं कमी पडतात, कुपोषण होतं, असं त्याचं कारण सांगितलं जाई. त्या शोधनिबंधाचे लेखक अर्न्स्ट ड्रेनिक यांनी अशा रुग्णांना मेट्रोनिडाझोल दिलं, आपल्याकडे जुलाबावर घरोघरी ठाऊक असलेलं तेच औषध. कुपोषण असो वा नसो, चरबी ओसरली. बाजूला पडलेल्या आतड्यात जंतू माजत होते आणि त्यांची विषं पोर्टल शिरेतून थेट यकृतात उतरत होती, असा त्याचा अर्थ लागला.

जंतू यकृत बिघडवू शकतात, याचा हा भक्कम पुरावा. म्हणून प्रोबायोटिकच्या बाजूने बोलणारे तो हौसेने पुढे करतात. पण ड्रेनिक यांनी एकही जंतू पोटात घातला नव्हता. होते ते मारले होते. शिवाय ते तुंबलेलं आतडं सर्जनने तयार केलं होतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, रात्री दहाला जेवणाऱ्या माणसाच्या पोटात तसं काही नसतं. चोर शेजारच्या गल्लीतून आला हे कळलं, म्हणून त्या गल्लीत चांगली माणसं राहायला पाठवण्याचाच हा प्रकार.

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी तेही करून पाहिलं. फॅटी लिव्हरच्या १०४ रुग्णांना सुमारे वर्षभर बायफिडोबॅक्टेरियम आणि त्याचं खाद्य, किंवा नुसता प्लासिबो दिला. २०२० मध्ये निकाल आला. आतड्यातले जंतू बदलले, यकृतातली चरबी मात्र प्लासिबोपेक्षा जास्त उतरली नाही. तिच्याशी नातं दिसलं ते वजन घटण्याचं.

दुसरी बाजूही आहे. चंडीगडच्या पीजीआयमधल्या २०१९ च्या अभ्यासात आहार-व्यायामाच्या जोडीला प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या बायोप्सीत सुधारणा दिसली. पण रुग्ण होते ३९, आणि कॅप्सूलमध्ये अनेक जातींचं, मोठ्या मात्रेचं मिश्रण होतं. तुलनेला, रेस्मेटिरोम या फॅटी लिव्हरवरच्या औषधाला २०२४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली ती ९६६ रुग्णांवरच्या चाचणीच्या आधारे. केमिस्टच्या फळीवर प्रोबायोटिक म्हणून कुठे बॅसिलसचे बीजाणू मिळतात, कुठे एखादं यीस्ट. चंडीगडचा निकाल त्यांना लावायला आधार नाही. तरीही चिठ्ठीवर कोणते जंतू, किती दिवस, आणि गुण आला की नाही हे कशावरून ठरवायचं, यातलं बहुधा काहीच नसतं.