वेग कोणी ठरवायचा?

परीक्षा आटोपल्या की चांदणी चौकातून पौडकडे निघणाऱ्या गाड्यांची गर्दी वाढते. भूगाव, पिरंगुट, घोटावडे फाटा, पौड, मग मुळशीचं पाणी. आणि ताम्हिणी घाट उतरला की माणगावच्या बाजूने कोकण. मागच्या सीटवर मुलं, डिकीत चटई आणि डबे. वर्षभर मुलांना वेळ देता आला नाही, ही टोचणी आईवडिलांच्या मनात असते. ही सहल त्या टोचणीतूनच निघते आणि हेतू चांगलाच असतो. म्हणूनच विचारावंसं वाटतं, की या प्रवासाचा वेग कोण ठरवतं?

बहुतेक घरांत ज्याच्या हाती स्टिअरिंग असतं, तोच ठरवतो. सुट्टीच्या दिवशी सगळे उशिरा उठतात, नाश्ता निवांत होतो, निघता निघता अकरा वाजतात. बारा ते तीन या वेळेत शक्यतो बाहेर पडू नका, असं दर उन्हाळ्यात सांगितलं जातं. नेमक्या त्याच वेळी आपण पिरंगुटच्या कोंडीत अडकलेलो असतो. ‘आता थांबायचं नाही, थेट पोचूनच जेवू,’ असं पुढच्या सीटवर ठरतं. मागे दोन वर्षांचं पोर उन्हाच्या बाजूला बसलेलं असतं. त्याला कोणी विचारलेलं नसतं आणि विचारलं तरी सांगता आलं नसतं.

लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या शरीरापेक्षा लवकर तापतं. वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त असते आणि घामाने अंग थंड ठेवण्याची ताकद कमी. ते खेळायचं थांबतं, मलूल होतं, त्याची लघवी कमी होते, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही. ही त्याची तक्रारच असते. आपण मात्र म्हणतो, ‘बरं झालं, शांत झोपलंय.’

झोपलेल्या मुलाला ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून गाडीत ठेवून जाण्याचा मोह इथेच होतो. बाळरोगशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकात 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरचं तापमान साधारण 22 ते 36 अंश असताना उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढलं आणि त्यातली सुमारे 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवून काही विशेष फरक पडला नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सुरुवातच कुठून होते, हे सांगायला नको. मूल गाडीत एकटं ठेवायचं नाही, एवढा एकच नियम यातून निघतो. त्याला अपवाद नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नसतं. त्याची तहान आईच्या दुधानेच भागते आणि उन्हात त्याला जास्त वेळा पाजावं लागतं. म्हणजे दर थोड्या वेळाने गाडी सावलीला उभी राहायला हवी, आईला आडोसा आणि निवांतपणा मिळायला हवा. त्या आईनेही भरपूर पाणी प्यायला हवं. पण रस्त्यात स्वच्छतागृह मिळेल की नाही, मिळालं तर कसं असेल, या धास्तीने घरातून निघतानाच बायका पाणी कमी पितात. घरच्या आजीचंही तेच. पुढे बसलेल्याला याचा पत्ता नसतो, कारण ‘मला थांबायचंय’ असं तिसऱ्यांदा सांगायला कोणाला आवडत नाही. गाडीतलं सर्वांत जास्त सोसणारं माणूस बहुधा सर्वांत कमी बोलतं.

लहानग्यांना घेऊन उन्हातून जाण्याची विद्या आपल्या मातीत जुनी आहे. पुणे जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातले धनगर मेंढपाळ दिवाळीनंतर सह्याद्रीचे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तळ, निघतो तेव्हा लहान मुलं, नुकती जन्मलेली कोकरं आणि कोंबड्या घोड्याच्या पाठीवर असतात. ऊन तापलं की मेंढरं एकमेकांच्या सावलीत माना घालून उभी राहतात. त्यांना हाकलत नेण्यात अर्थ नाही, हे मेंढक्याला ठाऊक असतं. ज्याला चालवत नाही, त्याच्या सोयीने मुक्कामाचं गणित बसवायचं, हा त्या वाटेचा धर्म आहे. आपल्याकडे तर इंजिन आहे, एसी आहे, थर्मास आहे. थांबणं आपल्याला कितीतरी सोपं आहे.

हा धर्म गाडीच्या दाराशी संपत नाही. मे महिन्यात या रस्त्याच्या कडेला वाड्यावस्त्यांवरच्या बायका आणि मुली करवंदं, जांभळं घेऊन बसतात. काटेरी जाळीत हात घालून तोडलेला तो रानमेवा पानाच्या द्रोणात मांडलेला असतो. आपण काच चार बोटं खाली घेतो आणि थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून घाईघाईने भाव पाडतो. विकणारी पोर आपल्या मुलाच्याच वयाची असते आणि मागच्या सीटवरून आपलं मूल सगळं पाहत असतं. त्या दोन मुलांत ऊन कोणाच्या वाट्याला आलं, हे दोघांपैकी कोणीच ठरवलेलं नाही. गाडी रस्त्यापासून नीट बाजूला घ्यावी, मुलाचा हात धरून खाली उतरावं, मागितलेला भाव द्यावा आणि चार शब्द बोलावेत. यात दानशूरपणा काही नाही. समोरच्याला माणूस म्हणून वागवणं आहे आणि मूल ते सांगून शिकत नाही, पाहून शिकतं.

मुळशीच्या ज्या पाण्यासमोर उभं राहून आपण मुलांचे फोटो काढतो, त्या पाण्याबाबतही ‘कोण ठरवतं?’ हाच प्रश्न विचारला गेला होता. मुंबईला वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मुळा-निळेच्या संगमावर धरण बांधायला घेतलं. सुमारे 50 गावांची जमीन त्यात जाणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळातले शेतकरी बायाबापड्यांसह धरणाच्या जागेवर सत्याग्रहाला बसले. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट त्यांच्यासोबत होते. ऊन तेव्हाही एप्रिलचंच होतं. त्यांना तुरुंग सोसावा लागला, धरण झालं आणि 1927 मध्ये घाटाखाली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. मुंबईची गरज खोटी नव्हती. पण ज्यांच्या चुली विझणार होत्या, त्यांना ठरवताना विचारलं नव्हतं. गोष्ट गाडीतल्या मुलाची असो की खोऱ्यातल्या गावांची, अन्याय पुष्कळदा असाच घडतो: ठरवणारा सावलीत असतो आणि सोसणारा उन्हात.

देशाचे मोठे निर्णय आपल्या हाती नसतात, पण रविवारची सहल असते. ती पहाटे साडेपाचला निघू शकते. ऊन चढण्याआधी झाडाखाली पोचू शकते आणि ऊन कलेपर्यंत तिथेच राहू शकते. पन्हं, ताक, भरपूर पाणी सोबत असू शकतं. ठरलेल्या पाच ठिकाणांपैकी तीन राहिली तर राहू द्यावीत. घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत थकलेल्या माणसाने मागण्याआधी जो गाडी थांबवतो, त्याला उद्या कार्यालयात, गावात, पंचायतीत चार माणसांचं ठरवताना, याचं ऊन कोणाला लागेल, हे विचारायची सवय लागलेली असेल. न्यायाचा सराव इतक्या जवळून सुरू करता येतो, म्हणून तो टाळायला सबब उरत नाही.