तळटिपेपुरतं स्वातंत्र्य

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टाला पुढे एका ओळीची तळटीप जोडली गेली. या प्रकरणातल्या मतांशी शासन सहमत नाही, एवढंच ती सांगते. प्रकाशकानेच आपल्या लेखकापासून असं हात झटकल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

या एका ओळीमागे मोर्चे आहेत. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ बाबासाहेबांच्या हयातीत छापलं गेलं नव्हतं. वसंत मून यांच्या संपादनाखाली ते खंडात आलं आणि रामाच्या चारित्र्याची उलटतपासणी करणारं परिशिष्ट वाचून (किंवा ऐकून म्हणू, खंड चाळलेले आंदोलक किती असतील, शंकाच आहे) शिवसेना रस्त्यावर उतरली. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. शासन परिशिष्ट वगळायच्या वाटेला लागलं. मग फेब्रुवारी १९८८ मध्ये दलित संघटनांचा प्रचंड मोर्चा मुंबईवर आला आणि वारं फिरलं. परिशिष्ट राहिलं, खाली तळटीप आली, दोन्हीकडचे झेंडे गुंडाळले गेले.

निकाल योग्यच लागला. पण परिशिष्ट वाचलं ते लेखकाला लिहिण्याचा हक्क आहे म्हणून नव्हे. त्याच्यामागे तेवढीच माणसं उभी राहिली म्हणून. हा फरक किती महागात पडतो, ते वीस वर्षांनी आनंद यादवांना कळलं.

‘झोंबी’कार यादवांनी ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी लिहिली. तुकोबांच्या तरुणपणाच्या चित्रणावर वारकरी संघटना संतापल्या. यादवांनी माफी मागितली, प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं, तरी राग शमला नाही. महाबळेश्वरच्या २००९ च्या साहित्य संमेलनाचे ते निवडून आलेले अध्यक्ष. त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. भाषणं झाली, जेवणावळी झाल्या, पुस्तकं विकली गेली. यादवांच्या बाजूने मोर्चा निघाला नाही. कादंबरीकाराला कुठली आली संघटना!

यातला उपरोध वारकऱ्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. परंपरा सांगते की तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, कारण शूद्राने वेदार्थ सांगावा हे वाघोलीच्या रामेश्वर भटांना धर्मबाह्य वाटलं. म्हणजे भावना तेव्हाही दुखावल्या होत्या. वह्या तरल्याची कथा मनोभावे सांगणाऱ्या संप्रदायाच्या नावाने एक पुस्तक दुकानांतून उचललं जावं, हे तुकोबांना रुचलं असतं असं मानणं कठीण आहे.

हिंदूंपुरतंच हे आहे, असा समज नको. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसला ‘शार्ली एब्दो’ या व्यंगचित्र साप्ताहिकाच्या कचेरीत हत्याकांड झालं. त्यानंतर ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी त्या साप्ताहिकाचं मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. चूक लक्षात आल्यावर त्यांनी माफी छापली. तरीही त्यांच्यावर निरनिराळ्या पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले, त्यांना अटक झाली, आवृत्ती बंद पडली. एका मुस्लिम बाईने मुस्लिम वाचकांसाठी काढलेल्या वर्तमानपत्रात द्वेष पसरवण्याचा हेतू कुठे सापडला, हे कोडंच आहे.

दळवींवर लागलेलं, धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं कलम २९५-अ जन्मलं लाहोरात. प्रेषितांच्या खासगी आयुष्यावरची ‘रंगीला रसूल’ ही पुस्तिका छापणारे राजपाल १९२७ साली उच्च न्यायालयात सुटले, कारण तेव्हाच्या कायद्यात तो गुन्हाच बसत नव्हता. संताप उसळला आणि त्याच वर्षी इंग्रज सरकारने नवं कलम आणलं. चर्चेत जिनांनी बजावलं होतं की, इतिहासाचे अभ्यासक आणि प्रामाणिक टीकाकार यात भरडले जाता कामा नयेत. राजपाल मात्र वाचले नाहीत; एप्रिल १९२९ मध्ये त्यांचा भोसकून खून झाला. लोकांचा राग कायद्याकडे वळला की रक्तपात टळेल, हा सरकारचा हिशेब होता. तो पहिल्या दोन वर्षांतच चुकला.

फाळणीनंतर हेच कलम दोन्ही देशांच्या वाट्याला आलं. झिया उल हक यांच्या राजवटीत पाकिस्तानने त्याला २९५-ब आणि २९५-क अशी पोटकलमं जोडली, शेवटच्यात तर मृत्युदंड आला. त्या कायद्यावर टीका करणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. भारत त्या वाटेने गेला नाही, हे खरं. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं, पण बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानापुरतंच. १९८९ च्या रंगराजन खटल्यात तर न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की निदर्शनांच्या आणि मोर्चांच्या धमकीपुढे अभिव्यक्तीचा बळी देता येणार नाही. मुख्यमंत्र्यांच्या आणि पोलीस आयुक्तांच्या टेबलावर काचेखाली ठेवावा असा हा निकाल आहे.

दुखावलेल्या माणसाचं दुःख खोटं असतं, असं कुणी म्हणू नये. ज्या नावाने सकाळ उजाडते त्याची टिंगल झाली की आतून काहीतरी तुटतं. नास्तिकाने त्याला हसणं हा उर्मटपणा आहे. जाणूनबुजून एखाद्या जमातीला डिवचून दंगल पेटवायची असेल, तर चिथावणीचे कायदे आहेत आणि ते वापरावेत. पण दुःख झालं म्हणजे गुन्हा घडला असं ठरवायचं, तर कुठलाच धर्म सुरू झाला नसता. बुद्धाने यज्ञ नाकारले, महात्मा फुल्यांनी अवतारकथांचा वेगळाच अर्थ लावला. त्या त्या काळच्या श्रद्धाळूंना ते जिव्हारीच लागलं होतं.

मग उत्तर कसं द्यायचं? चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला तो चार्वाकापासून सुरू केला. वेद रचणाऱ्यांना धूर्त आणि भंड म्हणणारं चार्वाकाचं मत त्यांनी काटछाट न करता नोंदवलं, मग पुढच्या दर्शनांकडे वळले. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ नष्ट झाले; त्यांची निंदा टिकली ती एका वेदान्त्याच्या लेखणीमुळे. खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष नीट मांडायचा, ही शिस्त इथलीच आहे. शासनाच्या त्या तळटिपेत मात्र खंडन नाही आणि बचावही नाही. हे मत पटत नाही, एवढं सांगायला ना अभ्यास लागतो ना धैर्य.

आता २९५-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ने घेतली आहे. मजकूर जवळपास तोच, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा अजामीनपात्र. खटला चालवायला शासनाची मंजुरी लागते, अटकेला लागत नाही. खरा घोळ इथे आहे: हेतू दुष्ट होता की नाही हे न्यायालय बघेपर्यंत माणूस कोठडीत जाऊन आलेला असतो, नोकरी गेलेली असते, पुस्तक रद्दीत गेलेलं असतं. म्हणून दोन गोष्टी तरी व्हाव्यात. मंजुरी अटकेच्या आधी घेणं सक्तीचं करावं, आणि एका मजकुरावर एकाच ठाण्यात गुन्हा नोंदवावा. विधिमंडळात येत्या अधिवेशनात कुणा आमदाराने हा प्रश्न विचारला, तर तो कुठल्या पक्षाचा आहे हे न बघता वाचकांनी त्याच्या पाठीशी उभं राहावं.