गिरणी कोणाची?

व्यवस्थापनशास्त्राची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.बी.ए., हे आज अनेक कुटुंबांचे स्वप्न आहे. सोलापुरात २००४ साली स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाल्यापासून ही विद्या आपल्या दाराशी आली आहे. मुलाने वा मुलीने अधिकाराची जागा मिळवावी, ही आईवडिलांची अपेक्षा रास्तच होय. परंतु दोन वर्षे हिशेब, बाजारपेठ व मनुष्यबळ यांचा अभ्यास करणाऱ्या तरुणाला आपण एक प्रश्न विचारावयास हवा: उद्या जो उद्योग तू सांभाळशील, तो कोणाचा?

या प्रश्नाचे उदाहरण सोलापुरातच आहे. १८७७ साली सुरू झालेली येथील 'जुनी गिरणी' ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या चुली थंडावल्या. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. गैरकारभार व त्यातून ओढवलेली बेकारी ही कारणे त्यात नमूद होती. एका भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९५० मध्ये त्याचा अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या भागधारकाच्या दाव्यात मात्र, डिसेंबर १९५३ मध्ये, मोबदल्याविना मालमत्तेचा असा ताबा घेणे घटनेशी विसंगत असल्याचा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. पुढे १९५५ साली घटनेतील मालमत्तेविषयीच्या तरतुदींतच दुरुस्ती झाली.

भागधारकाची बाजू खोटी नव्हती. त्याची पुंजीही कष्टाची असू शकते आणि नफ्याविना कोणाचाही पगार होत नाही. परंतु भागधारक आपले भाग विकू शकतो. मागावर वेचलेली वीस वर्षे कामगाराने कोणत्या बाजारात विकावी? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या 'सेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात नफ्याचे स्थान मान्य केले. मात्र ताळेबंद चोख असूनही माणसांची मानखंडना होत असू शकते, हेही बजावले.

मालमत्ता कोणाची, हे न्यायालय ठरवील; पण तोवर गिरणी बंद पडलेली असते. ती बंद पडण्यापूर्वीची वर्षे व्यवस्थापकाच्या हाती असतात. म्हणून तो मालकाचा केवळ नोकर नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या कष्टांचा विश्वस्त आहे. पदवी घेऊन आलेल्या लेकराला 'पगार किती?' असे आपण अवश्य विचारू. त्याबरोबर 'तुझ्या शब्दावर किती घरे अवलंबून आहेत?' हेही विचारू या.