नम्रतेचा आधार

‘मी अगदीच अपात्र’ असे वारंवार म्हणणारा मनुष्य नम्र असेलच असे नाही. आपल्याच क्षुद्रतेकडे टक लावून बसणे हेही शेवटी स्वतःकडेच पाहणे होय. लिज्यूची संत तेरेजा १८८८ साली, वयाच्या १५व्या वर्षी कार्मेल मठात गेली. पूर्णतेचा जिना आपल्याला चढता येणार नाही हे तिने ओळखले; पण ती पायथ्याशी रडत बसली नाही. श्रीमंतांच्या घरांत तेव्हा लिफ्ट आली होती. येशूचे बाहू हीच आपली लिफ्ट, असे तिने मानले. (दृष्टान्त किती साधा!) १८९७ साली क्षयाने मरण येण्यापूर्वीचे सुमारे दीड वर्ष तिने श्रद्धेच्या अंधारात काढले. स्वर्गाच्या विचारानेही सांत्वन लाभेना, तेव्हा तिने विश्वासांगीकार स्वतःच्या रक्ताने लिहून हृदयाशी बाळगला.