वचनाचे खोटेपण

दिलेले विवाहवचन मोडणे आणि ते मुळातच खोटे असणे, यांत फौजदारी कायदा भेद करतो. वचन देतेवेळीच ते पाळण्याचा हेतू नसेल आणि त्या वचनामुळेच स्त्रीने शरीरसंबंधास होकार दिला असेल, तरच तिची संमती दूषित ठरते. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 21 ऑगस्ट 2019 रोजी हाच निकष लावला आणि गुन्हा रद्द केला. विवाहाच्या आड जात आली होती. या अडचणींची स्त्रीला आरंभापासून कल्पना होती, त्या उघड बोलल्या गेल्यावरही संबंध चालू राहिले, म्हणून वचन मुळात खोटे म्हणता येत नाही, असा त्या निर्णयाचा रोख आहे.

हा भेद साहित्याला अपरिचित नाही. महाभारतातल्या शकुंतलेने गांधर्वविवाहापूर्वीच आपल्या पुत्राच्या राज्याधिकाराची अट घातली होती. दुष्यंताने ती मान्य केली आणि पुढे सर्व आठवत असूनही भरसभेत तिला नाकारले. कालिदासाने दुर्वासाचा शाप मध्ये आणून नाकारणाऱ्या राजाला विसरणारा राजा केले. नायकाचा हेतू निर्मळ राहावा यासाठीची ही नाट्ययोजना आहे. (शकुंतलेच्या वाट्याला येणारी अवहेलना मात्र दोन्हीकडे तीच.)

जॉन ऑस्टिन या तत्त्वज्ञाने अप्रामाणिक वचनालाही वचनच मानले. हेतू नसला तरी उच्चारलेला शब्द बांधून घेतो. कायद्याला असे म्हणून भागत नाही. प्रत्येक विफल प्रेमाचा गुन्हा होऊ नये, तर त्याला हेतू शोधावाच लागतो. पण कादंबरीच्या निवेदकाप्रमाणे पात्राच्या मनात शिरण्याची सोय न्यायाधीशाला नसते. तो मागाहूनच्या वर्तनावरून आधीचे मन वाचतो, आणि हे वाचन निरपवाद नसते.

जात ही शापासारखी मागाहून उद्भवत नाही. वचनाच्या क्षणी ती दोघांनाही ठाऊक असते. ‘घरचे मान्य करतील तर’ ही अनुच्चारित अट पुरुषाने मनात जपली असेल, तर त्याचे वचन खरे की खोटे? शिवाय अडथळा ठाऊक होता, ही गोष्ट स्त्रीच्या विरुद्धच का वाचावी? जिथे अडथळा नसतो तिथे वचनाची फारशी गरजही नसते. त्याच्यावर मात करण्याची हमी म्हणूनच तिने तो शब्द मोलाचा मानलेला असतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 69व्या कलमाने हा बलात्काराहून वेगळा गुन्हा ठरवला असून त्यास दहा वर्षांपर्यंत कारावास आहे. तरी पाळण्याचा हेतू नसताना दिलेले वचन हीच त्या कलमाचीही अट आहे. त्या न उच्चारलेल्या ‘तर’चा अर्थ न्यायालयाला तिथेही लावावाच लागेल.