पाच थेंबांचा हिशेब

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचे चिंतन : गीता, अध्याय 3, श्लोक 12 आणि 13

मंडळी, काल पाठ संपल्यावर आमच्या मंडळातल्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, त्या एआयला प्रश्न विचारला की म्हणे पाणी खर्च होतं. मी रोज नातवाच्या अभ्यासासाठी विचारते. पाप लागतं का गं?" मला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं, कारण गेले दोन महिने या चिंतनासाठी शब्दांचे अर्थ नि अन्वय शोधायला मीही तेच वापरते आहे. "काकू, तुम्ही कशाला काळजी करता," असं म्हणून वेळ मारून नेली. रात्री पोथी उघडली तर नेमके हे दोन श्लोक समोर!

भगवंत इथे फार कडक बोलतात. जे आपल्याला मिळालं त्यातलं काहीच परत न देता जो नुसतं भोगतो त्याला ते सरळ चोर म्हणतात. आणि जो फक्त स्वतःपुरतं शिजवतो, तो अन्न नाही, पापच खातो म्हणतात. शंकराचार्यांनी यावरच्या भाष्यात चूल आणि तिच्यासारख्या पाच जागांचा उल्लेख केला आहे. यांनाच पंचसूना म्हणतात. चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा, या पाच जागी गृहस्थाच्या हातून न कळत जीव मरतात. मनुस्मृतीतही ही यादी आहे (त्या ग्रंथाशी माझं बाकी भांडण आहे ते आहेच), आणि त्यावर उपाय म्हणून रोजचे पाच यज्ञ सांगितले आहेत. मला यातलं एक फार आवडतं. चूल बंद करा, असं कुणी सांगितलेलं नाही. जगायचं तर चूल पेटणारच. पण ती पेटवताना काही मरतं हे माहीत असू दे, आणि जेवायच्या आधी कुणासाठी तरी घास काढ.

माझी आजी पहिली भाकरी गाईला द्यायची. तिची चूल तिच्या डोळ्यासमोर होती. मुंग्या दिसायच्या, धूर डोळ्यात जायचा. माझ्या फोनची चूल कुठे आहे? ठाणे-बेलापूर रोडने जाताना ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठ्या डेटा सेंटरच्या इमारती लागतात. बाहेरून काही कळत नाही. आत हजारो संगणक तापतात आणि ते गार ठेवायला वीज लागते, बऱ्याच ठिकाणी पाणीही. माझा प्रश्न तिथे जातो की अमेरिकेत, मला ठाऊक नाही. सहावी सूना म्हणा हवं तर, फक्त ती घरात नाही.

आता काकूंचं पाणी. गूगलने ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या जेमिनीचा हिशेब जाहीर केला. लिखित स्वरूपातल्या साधारण एका प्रश्नाला 0.24 वॅट-तास वीज आणि 0.26 मिलिलिटर पाणी, म्हणजे साधारण पाच थेंब. ती वीज तयार करताना जे पाणी लागतं ते यात धरलेलं नाही, अशी टीका अभ्यासकांनी लगेच केली, आणि ती रास्त आहे. तरी दुप्पट धरा, दहापट धरा. काकू भांडी विसळताना नळ जरा जास्त वेळ सोडतात त्यात याहून कितीतरी जास्त जातं.

मग प्रश्न मिटला? मला नाही वाटत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने जगातल्या डेटा सेंटरांनी 2024 मध्ये सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. 2030 पर्यंत हा आकडा 945 अब्जांवर जाईल असा अंदाज आहे. आज अख्खा जपान जेवढी वीज वापरतो त्याहून हे थोडं जास्तच. थेंब खरा आणि हंडाही खरा. 'माझ्या एकटीने काय होतंय' हे वाक्य सगळेच म्हणतात. आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करायला नको म्हणणारे शेजारीही हेच म्हणाले होते, तेव्हा मी त्यांच्याशी चांगलीच वाजवली होती.

इथवर लिहून मला बरं वाटत होतं. अपराध मान्य केला, आकडे दिले, पोथीतला आधार दिला. मग सकाळी फोनवर फंडाचा मेसेज आला आणि माझी पंचाईत झाली.

भाच्याच्या सांगण्यावरून मी नॅस्डॅक 100 वर चालणाऱ्या एका फंडात दरमहा एसआयपी करते. त्यात एनव्हिडिया आहे, मायक्रोसॉफ्ट आहे, गूगलची अल्फाबेट आहे, ॲमेझॉन आहे. म्हणजे ही डेटा सेंटरं जे बांधतात आणि त्यात लागणाऱ्या चिप ज्या पुरवतात, तेच सगळे. एआयच्या बातम्यांनी शेअर चढले की माझा आकडा चढतो, आणि खोटं कशाला बोलू, तो बघून मला आनंद होतो. प्रश्न विचारताना पाच थेंबांसाठी मी हळहळते, पण मालक म्हणून (कणभर का होईना) त्या सगळ्या हंड्याच्या नफ्यात माझा वाटा आहे, आणि त्याबद्दल मला एक दिवसही टोचलं नाही. विचारणारी मी छोटी, दिसते. मालकीण मी दिसतच नाही. माझी ही हळहळ जरा सोयीचीच होती!

विकून टाकावं का? मी विकलं तर दुसरा कुणी घेईल, कंपनीला पत्ताही लागणार नाही. पण हे म्हटलं आणि जीभ चावली. हे तर शेजाऱ्यांचंच वाक्य!

या कंपन्याही घास काढतात, असं त्यांचं म्हणणं. गूगलने 2030 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा संकल्प केला, आणि त्यांच्याच 2024 च्या अहवालात 2019 ते 2023 मध्ये उत्सर्जन 48 टक्क्यांनी वाढलेलं दिसतं. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी आपल्याकडच्या वराह नावाच्या कंपनीशी 1 लाख टन कार्बन क्रेडिट घेण्याचा करार केला. टाकाऊ जैविक माल कमी हवेत जाळून त्याचा कोळसा करायचा, तो शेतात मिसळायचा, म्हणजे कार्बन दीर्घकाळ मातीत राहतो. मी याला ढोंग म्हणणार नाही. जमीन सुधारते, शेतकऱ्याच्या हाती काही येतं. हवा सगळ्यांची एकच, तेव्हा कार्बन इथे सोडला आणि तिथे पुरला तर हिशेब काही अंशी जुळतो. पाण्याचं तसं नाही. ज्या गावच्या विहिरीतून पाणी गेलं त्या गावाला दुसऱ्या राज्यातला कोळसा काय कामाचा? पाण्याचं देणं जिथलं तिथेच फेडावं लागतं. आजीनेही घास गावातल्याच गाईला दिला, कुणाकडून पावती विकत घेतली नाही.

काकूंना संध्याकाळी फोन केला. म्हटलं, नातवासाठी विचारा, खुशाल विचारा, काल मी उडवून लावलं ते चुकलं. माझ्या फंडाचंही सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "अगं, माझी पेन्शनसुद्धा कुठे गुंतवलेली असेल गं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

हप्ता 7 तारखेला कापला जातो. आज 4 आहे. माझं अजून काही ठरलेलं नाही.

उद्या श्लोक 14, पावसाचा.

राम कृष्ण हरी.