चित्रात न मावलेले डाग

ऑस्कर वाइल्डची ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ न वाचलेल्यांनाही तिची कल्पना ठाऊक असते. देखणा तरुण तसाच राहतो, त्याचे चित्र म्हातारे होते; पापे तो करतो, वळ चित्रावर उठतात. ही कल्पना इतकी झगमगीत आहे की तिच्या उजेडात एक साधी गोष्ट दिसेनाशी होते. डोरियनच्या सौंदर्यासक्तीची किंमत चित्र मोजत नाही, ते फक्त नोंद ठेवते. किंमत मोजतात ती माणसे: सिबिल व्हेन ही नटी, तिचा भाऊ जेम्स, रसायनशास्त्र जाणणारा ॲलन कॅम्पबेल आणि चित्रकार बॅझिल हॉलवर्ड. कादंबरी संपेपर्यंत चौघेही मेलेले असतात.

त्यातले सिबिलचे प्रकरण मला सगळ्यात भीषण वाटते, आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही. लंडनच्या एका कळकट नाटकगृहात सतरा वर्षांची ही मुलगी शेक्सपिअरच्या नायिका रंगवते. डोरियन तिच्यावर भाळतो, लग्न ठरवतो आणि मित्रांना नाटक दाखवायला नेतो. त्या रात्री सिबिल अगदीच पडेल काम करते. खरे प्रेम कळल्यावर तिला रंगमंचावरचे प्रेम खोटे वाटू लागलेले असते, आणि हे ती पडदा पडल्यावर आनंदाने फुलून त्याला सांगते. तो तिला झिडकारतो. अभिनय गेला की उरलेली सिबिल त्याच्या लेखी कुणीच नाही. ती विष घेते. बातमी कळते त्याच दिवशी संध्याकाळी डोरियन ऑपेराला जातो. पॅटीचे गाणे असते, डोरियनचा मित्र लॉर्ड हेन्री याच्या बहिणीने बॉक्स घेतलेला असतो. दुसऱ्या दिवशी बॅझिल सांत्वनाला येतो आणि हे ऐकून सुन्न होतो. तोवर हेन्रीने डोरियनची समजूत काढलेली असते की तिचे मरण ही एक सुंदर शोकांतिका आहे. डोरियन इथे खुनी नाही, प्रेक्षक आहे; आणि पुढचे सगळे गुन्हे या प्रेक्षकपणातूनच निघतात.

1890 मध्ये ‘लिपिनकॉट्स’ मासिकात कादंबरी आली तेव्हा वर्तमानपत्रांनी ती विषारी ठरवली. पुढच्या वर्षीच्या पुस्तकात वाइल्डने दोन गोष्टी केल्या. नीतीच्या मोजपट्टीने पुस्तके मोजणाऱ्यांना फटकारणारी प्रस्तावना आधीच वेगळी छापली होती, ती पुढे जोडली. आणि काही नवी प्रकरणे घातली. प्रस्तावना सर्वांच्या लक्षात राहिली. पण नव्या प्रकरणांपैकी एक थेट सिबिलच्या घरात शिरते. तिथे थकलेली नटी-आई आहे, ऑस्ट्रेलियाला निघालेला भाऊ आहे आणि नाटकगृहाच्या मालकाकडून उचल घेतलेले 50 पौंड आहेत. प्रस्तावनेतला वाइल्ड कलेला नीतीपासून सोडवत होता. कादंबरीकार वाइल्ड त्याच वेळी ज्युलिएटच्या अंगावरचा पोशाख उतरवून तिच्या घरचे कर्ज दाखवत होता. मी दुसऱ्यावर जास्त विश्वास ठेवतो.

अकरावे प्रकरण बरेच वाचक उडवतात. हरकत नाही, ते कंटाळवाणे आहेच. अत्तरे, वाद्ये, रत्ने, भरतकाम: डोरियनने वर्षानुवर्षे जमवलेल्या वस्तूंची ती लांबच लांब यादी आहे. तिच्यात सोन्याच्या तारेचे काम केलेली, भुंग्यांचे चमकते पंख टाचलेली दिल्लीची मलमल आहे आणि ढाक्याची पारदर्शक मलमलही. ढाक्याचे ते अतितलम विणकाम तोवर जवळजवळ बुडालेले होते. कंपनीचा अंमल आणि गिरणीचे कापड यांनी विणकर देशोधडीला लागले होते. डोरियनला मलमलीची काव्यमय नावे माहीत आहेत. हात कुणाचे, हा प्रश्न त्याच्या रसिकतेत बसत नाही. बरे, कंटाळा हाच या प्रकरणाचा मुद्दा असावा. पूजेचे रूपांतर साठ्यात होते तेव्हा लिहायला यादीच उरते.

हे सारे कादंबरीपुरते नव्हते. जॉन एव्हरेट मिले 1852 च्या सुमारास बुडणारी ओफेलिया रंगवत होता. त्यासाठी एलिझाबेथ सिडल भर हिवाळ्यात पाण्याने भरलेल्या टबात तासन्‌तास पडून राहायची. पाणी कोमट ठेवायला टबाखाली दिवे असत. एकदा ते विझले. मिले रंगवण्यात गुंग, आणि ती बोलली नाही. ती आजारी पडली. वडिलांनी 50 पौंडांच्या दाव्याची धमकी दिली आणि अखेर डॉक्टरचे बिल मिलेने भरले, असे मिलेच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात आहे. चित्र अप्रतिम आहे, हेही नाकारता येत नाही.

आपल्याकडे ‘कलेसाठी कला’ म्हटले की फडके आणि खांडेकर समोरासमोर उभे राहतात, आणि वाइल्डला आपण न विचारता फडक्यांच्या बाजूला बसवतो. मुळात या पंथाचा गुरू वॉल्टर पेटर स्वतःच धास्तावला होता. 1873 च्या आपल्या रेनेसान्सवरील पुस्तकाचा समारोप तरुणांना भलतीकडे नेईल म्हणून त्याने 1877 च्या आवृत्तीतून तो काढून टाकला. पुढे फेरफार करून परत घातला. ‘डोरियन ग्रे’वर लिहितानाही त्याचा आक्षेप अनुभवांच्या हव्यासावर नव्हता. नीतीची जाण गमावणारा माणूस अधिक संपन्न होत नाही, उलट अपुरा होतो, असा त्याचा रोख होता.

तरीही डोरियनला एक सवलत मिळाली आहे. त्याच्या माळ्यावर पुरावा टांगलेला आहे, आणि शेवटी तो मरतो. हेन्री जेम्सने त्याच्या नऊ वर्षे आधी, 1881 मध्ये, ‘द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’त गिल्बर्ट ऑस्मंड उभा केला, त्याला अशी शिक्षा नाही. ऑस्मंड इटलीत राहणारा, उंची अभिरुचीचा, बेताच्या पैशाचा गृहस्थ. इझाबेल आर्चरशी तो लग्न करतो ते संग्रहात एक उत्तम वस्तू आणल्यासारखे. वस्तूला स्वतःची मते आहेत हे कळल्यावर तिचा द्वेष करू लागतो. मुलगी पॅन्सी त्याने कॉन्व्हेंटमध्ये वाढवली आहे, आणि ती मनाविरुद्ध वागेलशी शंका येताच तिची पुन्हा तिथेच रवानगी होते. राल्फ हा इझाबेलचा मावसभाऊ मरणाला टेकल्याची तार येते. ती नवऱ्याच्या खोलीत जाते तेव्हा तो पुस्तकातल्या एका प्राचीन नाण्याच्या चित्राची नक्कल करत बसलेला असतो. तिला जाऊ देण्यास तो नकार देतो, आवाज न चढवता, सभ्यतेचे आणि विवाहाच्या पावित्र्याचे दाखले देत. डोरियनची सुरी मला इतकी भिववत नाही.

इझाबेल नवऱ्याला न जुमानता इंग्लंडला जाते, राल्फला भेटते आणि शेवटी रोमला परत निघते. का, यावर वाचक अजून भांडतात. इंग्लंडला निघण्यापूर्वी कॉन्व्हेंटमध्ये जाऊन तिने पॅन्सीला परत येण्याचा शब्द दिलेला असतो. मला ते कारण पुरेसे वाटते.